‘सायस’ नव्हे, सईस

फोंड्याच्या एका वाचक भगिनींनी कळवले आहे की, नाणी जमवणाऱ्या त्यांच्या मामांच्या पेटीत तपकिरी धातूचे एक लष्करी पदक आहे. त्याच्या कडेवर रोमन लिपीत ‘सायस’ असा काहीसा शब्द, मग एका माणसाचे नाव आणि पुढे ‘अकरावे बेंगॉल लान्सर्स’ असे घोडदळाच्या पथकाचे नाव कोरलेले असून, फितीवर ‘पंजाब फ्रंटियर १८९७-९८’ आणि ‘मलाकंद १८९७’ अशा दोन पट्ट्या आहेत. ‘सायस’ हे आडनाव समजावे की हुद्दा, आणि संग्रहाच्या सूचीत या माणसाला ‘बाजारबुणगा’ व पदकाला ‘कांस्यपदक’ म्हणता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

हा हुद्दा आहे. मूळ अरबी शब्द फारसी-उर्दूमार्गे आपल्याकडे ‘सईस’ या रूपाने आला. इंग्रजांच्या स्पेलिंगमुळे तो ‘सायस’ वाचला जातो, इतकेच. घोड्याला खरारा करणारा, त्याचे दाणापाणी पाहणारा तो सईस. मराठ्यांच्या इतिहासावरील लेखनात त्याला ‘मोतद्दार’ म्हटलेले आढळते, आणि मराठी नोंदीसाठी हाच शब्द मला अधिक आपला वाटतो.

सईसाचे मोल कळण्यासाठी ‘सिलेदार’ हा शब्द पाहावा लागतो. आपल्याकडे पदरचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो सिलेदार, तर दुसऱ्याच्या किंवा सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. हीच व्यवस्था आणि हेच शब्द इंग्रजांनी आपल्या बहुतेक हिंदी रिसाल्यांत, म्हणजे घोडदळाच्या पथकांत, चालू ठेवले. त्यामुळे स्वार अधिक पगार घेई, पण घोडा आणि सामान त्याच्याच जिम्मेचे असे, आणि साधारणतः दोन स्वार मिळून एक सईस व गवत वाहण्यासाठी एक तट्टू बाळगत. स्वार छावणीत विसावला, तरी घोड्याला रोज चारा लागतोच, आणि तो आणण्यासाठी बाहेर पडणारा माणूस बिनहत्यारी असला, म्हणून त्याची मोहीम सुखाची होती असे म्हणता येत नाही.

आता ‘कांस्यपदक’. या शब्दाने आजच्या वाचकाच्या मनात तिसरा क्रमांक उभा राहतो, आणि येथे तो अर्थ सर्वस्वी चुकीचा आहे. ब्रह्मदेशाच्या १८८५-८७ च्या मोहिमेपासून लढवय्यांना चांदीचे आणि सईस, भिस्ती (पाणक्या) यांसारख्या अनुचरांना ब्राँझचे पदक देण्याची रीत पडली. मामांच्या पेटीतले पदक ज्या प्रकारचे आहे, त्या १८९५ च्या ‘इंडिया मेडल’मध्येही छाप तीच, फीत तीच, पट्ट्याही त्याच, वेगळा होता तो फक्त धातू. म्हणजे धातूने पराक्रमाची प्रत सांगितलेली नाही, माणसाचा दर्जा सांगितला आहे. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या युद्धात घोड्यांबरोबर गेलेल्या हिंदी सईसांनाही ब्राँझचीच पदके मिळाली. म्हणून ‘ब्राँझचे पदक’ किंवा ‘काशाचे पदक’ असे सुटे लिहावे, समास टाळावा.

‘बाजारबुणगे’ हा शब्द मात्र मी येथे मुळीच वापरणार नाही. बखरींतून तो फौजेबरोबर चालणाऱ्या व्यापारी, नोकरचाकर, कुटुंबकबिला अशा सगळ्या बिनलढाऊ माणसांसाठी येतो आणि पानिपताच्या आठवणीने तो आपल्या भाषेत कायमचा डागाळला आहे. आज तो निरुपयोगी गर्दी या अर्थानेच उरला आहे. ज्याचे नाव रिसाल्याच्या नावासह पदकाच्या कडेवर कोरले गेले, त्याला गर्दीत ढकलणे अन्यायाचे होईल. याच माणसांपैकी पाणक्याला भाषेने किती आदराने वागवले ते पाहावे: ‘भिस्ती’ हा शब्द फारसीतील ‘बिहिश्त’ म्हणजे स्वर्ग यावरून आला आहे, कारण तहानलेल्याला पाणी देणारा तो स्वर्गीचा माणूस. सामान्य संज्ञा हवीच असेल, तर ‘लष्करी अनुचर’ पुरेशी आहे.

सूचीत असे लिहावे: ‘इंडिया मेडल १८९५, ब्राँझचे, दोन पट्ट्या, सईस (मोतद्दार), अकरावे बेंगॉल लान्सर्स’. हुद्द्यापुढे त्याचे नाव मात्र कडेवर जसे आहे तसेच, अक्षर न बदलता उतरवावे.