पायथनमध्ये माझी २३ मिनिटं कुठे गेली होती

तुम्ही विचारलंय, पायथनमध्ये आत्ताची वेळ कशी घ्यायची आणि ‘०५/०८/२०२४ ०७:००’ अशी स्ट्रिंग (मजकूर) यूटीसीत, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेत, कशी न्यायची.

आत्ताची वेळ सोपी आहे: डेटटाइम.नाऊला झोनइन्फोचा (पायथनचं स्वतःचं टाइमझोन मॉड्यूल) ‘एशिया/कोलकाता’ द्या. यूटीसीनाऊ नको, ३.१२ आवृत्तीपासून पायथनच नको म्हणतं.

स्ट्रिंगच्या बाबतीत मात्र मी चांगलाच पोळलोय. दादरच्या एका लॅबचं काम होतं, घरी येऊन रक्त घ्यायच्या वेळा. सकाळी ७ची वेळ घेतलेल्यांना एसएमएस गेला ६:३७चा. उपाशीपोटी आजी-आजोबा दार उघडून बसलेले आणि फोनवर फोन. आमचे सिनिअर म्हणाले, "सर्व्हरचं घड्याळ मागे पडलंय," आणि त्यांनी कोडमध्ये सरळ २३ मिनिटं मिळवली. वर मला, "आपण मुंबईत, तू कोलकाता कशाला लिहितोस?" अहो, टाइमझोनच्या यादीत मुंबई नाहीच!

रात्री घरी बसून शोधलं. मी पायटीझेडचा (टाइमझोनची जुनी लायब्ररी) झोन थेट डेटटाइमच्या टीझेडइन्फोमध्ये दिला होता. तसं केलं की तो त्या झोनची पहिली नोंद उचलतो, म्हणजे कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ, यूटीसीच्या ५ तास ५३ मिनिटं पुढे. त्यातून आपल्या आजच्या वेळेचे साडेपाच तास वजा करा, उरतात २३ मिनिटं. (मुंबईची जुनी वेळ ४ तास ५१ मिनिटं होती. ती यादीत असती तर निरोप ७:३९चा गेला असता, आणि रक्त घेणारा माणूस दार वाजवत राहिला असता.)

मी पायटीझेडचंच लोकलाइझ वापरून दुरुस्त केलं. पण सिनिअरांची ती २३ मिनिटं दुसऱ्याच फाइलमध्ये होती, मला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी एसएमएस ७:२३चे, आणि मीटिंगमध्ये नाव माझं. आजही सांगतो, कारण न शोधता हाताने मिनिटं मिळवतो त्याच्या हाती कोड देऊच नये. सर्व्हरचं घड्याळ एकदा तरी उघडून बघितलं होतं का, हे मला अजून विचारायचंय.

तर तुमची स्ट्रिंग स्ट्रपीटाइमने वाचा, आधी दिवस मग महिना. मग रिप्लेसने झोनइन्फो लावा आणि ॲझटाइमझोनने यूटीसी करा. पायटीझेड वाईट नाही, चूक माझीच होती. आणि हो, झोनइन्फो ३.९ पासूनच आहे, विंडोजवर टीझेडडेटा (झोनची माहिती असलेलं पॅकेज) वेगळं टाकावं लागतं.