घराणी, गादी आणि ओलीस ठेवलेली पोरं : फॅन्टसी लिहिणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझ्या फॅन्टसी कादंबरीत सात सरदार घराणी आहेत. झेंडे, ब्रीदवाक्यं, वंशावळी सगळं लिहून झालंय, पण त्यांच्यात भांडण लावायला गेलं की खोटं वाटतं. काय चुकतंय?

वंशावळ जरा बाजूला ठेवा आणि मॅप उघडा. प्रत्येक घराण्यापुढे लिहा, यांच्याकडे काय पिकतं आणि काय बाहेरून आणावं लागतं. एकाकडे मिठागरं आहेत, दुसऱ्याकडे नदीवरचा एकुलता एक पूल, तिसऱ्याकडे भरपूर घोडे पण चारा वरच्या खोऱ्यातून येतो, झालं, भांडण तिथे आधीपासूनच आहे, तुम्हाला लावायची गरजच नाही.

मग कोण कोणाचं काय देणं लागतो ते ठरवा. सरंजामशाही म्हणजे मुळात देणंघेणं, राजा जमीन देतो आणि सरदार बदल्यात माणसं घेऊन लढायला येतो, आणि किती दिवस यायचं त्याचाही रिवाज असायचा. मध्ययुगीन फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये साधारण वर्षाला ४० दिवस धरले जायचे, त्यापुढे थांबवायचं तर राजाने पैसे मोजायचे. आता बघा, किल्ल्याला वेढा पडलाय, आज अडतिसावा दिवस, आतलं धान्य संपत आलंय, पण बाहेरच्या छावणीतही लोक सामान बांधायला लागलेत कारण घरी कापणी आलीय, आणि राजा एकेका तंबूत जाऊन अजून आठवडाभर थांबा म्हणून विनवतोय. एकही तलवार उपसलेली नाही तरी वाचणारा पुढचं पान उलटणारच.

प्रश्न : सरदाराने राजाविरुद्ध बंड केलं तर त्याच्या हाताखालचे छोटे जहागीरदार कोणाकडे जातील?

त्यांनी शपथ कोणाला दिलीय त्यावर आहे, आणि हे तुम्ही पहिल्या प्रकरणाच्या आधी ठरवलं पाहिजे. छोटा माणूस आपल्या लगेच वरच्याला बांधलेला असतो, राजा त्याने कदाचित बघितलेलाही नसतो. हा धोका ओळखून इंग्लंडच्या पहिल्या विल्यमने १०८६ मध्ये सॉल्झबरीला महत्त्वाच्या जमीनदारांना बोलावलं, ते कोणाचे का मांडलिक असेनात, आणि थेट स्वतःशी इमान राखायची शपथ घ्यायला लावली.

आणि एकच माणूस एकीकडे राजा आणि दुसरीकडे मांडलिक असू शकतो, हे तर फॅन्टसीवाले फारच कमी वापरतात. इंग्लंडचा राजा जॉन हा नॉर्मंडीसारख्या मुलखांसाठी फ्रान्सच्या राजाचा मांडलिक होता. १२०० मध्ये त्याने अँगुलेमच्या इझाबेलाशी लग्न केलं, जिचं लग्न आधीच लुझिन्याँ घराण्यातल्या ह्यूशी ठरलेलं होतं. लुझिन्याँ मंडळी थेट जॉनच्या वरच्या धन्याकडे, म्हणजे फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपकडे तक्रार घेऊन गेली, फिलिपने जॉनला दरबारात हजर व्हायला सांगितलं, जॉन गेला नाही, १२०२ मध्ये त्याच्या फ्रान्समधल्या जहागिरी जप्त म्हणून जाहीर झाल्या आणि १२०४ पर्यंत नॉर्मंडी हातची गेली. मोडलेली एक सोयरीक आणि न पाळलेला एक हुकूम, एवढ्यावर अख्खा प्रांत गेला! असा प्लॉट सुचायला लागला की समजायचं तुमच्या जगातले कायदे जिवंत झालेत.

प्रश्न : दोन घराण्यांचं चिन्ह चुकून सारखंच निघालं तर?

चुकून झालं असेल तरी ठेवा, छान आहे. १३८५ मध्ये स्कॉटलंडच्या मोहिमेवर असताना इंग्रज फौजेतल्या स्क्रोप आणि ग्रॉसव्हेनर या दोघांच्या ढाली सारख्याच निघाल्या, निळ्यावर सोनेरी तिरका पट्टा, आणि खटला कित्येक वर्षं चालला. शेकडो साक्षी झाल्या, त्यात कवी चॉसरचीही होती. शेवटी स्क्रोप जिंकला.

प्रश्न : शत्रूचा मुलगा ओलीस आहे आणि बाप शब्द मोडतो. राजाने मुलाला मारलं नाही तर राजा कमजोर वाटेल ना?

मला तसं अजिबात वाटत नाही. ११५२ मध्ये न्यूबरीच्या वेढ्यात जॉन मार्शल या सरदाराने तहासाठी आपला पाच-सहा वर्षांचा मुलगा विल्यम इंग्लंडचा राजा स्टीफन याच्याकडे ओलीस दिला, आणि मिळालेल्या वेळात किल्ल्यात माणसं आणि धान्य भरून घेतलं. पोराला फाशी देऊ अशी धमकी गेल्यावर बाप म्हणाला, माझ्याकडे ऐरण आणि हातोडा शाबूत आहे, याहून चांगली पोरं घडवीन. त्या विल्यमच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या चरित्रकाव्यात पुढचा प्रसंग आहे, राजाच्या तंबूत तो पोरगा गवताचे दांडे घेऊन लुटुपुटूची लढाई खेळतोय आणि समोर खेळायला कोण, तर स्वतः राजा. स्टीफनच्याने त्याला मारवलं नाही. हाच मुलगा म्हातारपणी, १२१६ मध्ये, नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीच्या वतीने इंग्लंडचा कारभार बघत होता. म्हणून म्हणते, ओलीस पोराला मारायची घाई करू नका, त्याला त्या घरात मोठं होऊ द्या, तिथल्या लोकांचा लळा लागू द्या आणि मग त्याला निवड करायला लावा.

दुसरी पद्धत जपानवर राज्य करणाऱ्या तोकुगाव घराण्याची, १६३५ पासून मोठ्या सरदारांना आलटून पालटून त्यांच्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, राहणं सक्तीचं झालं आणि बायको आणि वारस कायम तिथेच. बंडाची भीती तर गेलीच, वर जाण्यायेण्यात आणि दोन दोन वाडे चालवण्यात सरदारांची तिजोरी रिकामी.

प्रश्न : दिलेली जहागीर राजाला परत घेता येते का?

कागदावर येते, पण तिसऱ्या पिढीला ती आपलीच वाटायला लागलेली असते. आपल्याकडचंच बघा, वतन पिढीजात आणि सरंजाम नोकरीपुरता, हा फरक माहीत असूनही अठराव्या शतकात बरेचसे सरंजाम व्यवहारात वंशपरंपरेनेच चालले. तुमच्या राजाला जमीन परत हवी असेल तर वारस वयाने लहान असताना हात घालू दे, भांडण मात्र पोराच्या आईशी होईल हे धरून चाला.

प्रश्न : ड्रॅगन असतील तर सरदार, किल्ले हे सगळं टिकेल का?

किल्ल्याचा खरा उपयोग वेळ काढायला, थोडी माणसं मोठ्या फौजेला थोपवून धरतात तोवर बाहेरच्यांचे ४० दिवस संपतात. वरून आग आली की हे गणित मोडतं, जसं तोफांनी मोडलं, १४५३ मध्ये तुर्कांच्या तोफांपुढे कॉन्स्टॅन्टिनोपलच्या भिंतींचं काय झालं ते आठवा, आणि तोफा महाग असल्याने जोर राजांचा वाढला. म्हणून ड्रॅगनचा खर्च आधी काढा, तो दिवसाला किती जनावरं खातो आणि ती कोणाच्या कुरणातून येतात. ते कुरण ज्या घराण्याचं आहे त्यांना राजा कधीच दुखवू शकणार नाही, आणि त्यांची मुलगी कोणाच्या घरात द्यायची यावर बाकीची सहाही घराणी डोळा ठेवून असतील.