रविवारी मिस्साला जाणं कॅथलिकांना बंधनकारक का असतं?

तुम्ही विचारलंय, देव सगळीकडे आहे तर कॅथलिक माणसाने रविवारी चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या उपासनेला, न जाता घरीच मनापासून प्रार्थना केली तर का चालू नये? आणि एक रविवार चुकला तर थेट पाप कसं? मी जन्माने कॅथलिक आहे. कॉलेजात असताना हाच प्रश्न मी आईशी भांडून विचारला होता, तेव्हा तो रास्त आहे हे मला मान्यच आहे.

घरची प्रार्थना देव ऐकतो, आणि ती रोज करायचीच असते. पण मिस्सा म्हणजे नुसती सगळ्यांनी मिळून केलेली प्रार्थना नव्हे. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने भाकर हातात घेतली, ‘हे माझे शरीर आहे’ असं म्हटलं आणि ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ असं शिष्यांना सांगितलं. आमची श्रद्धा अशी की वेदीवर क्रूसावरचं तेच बलिदान पुन्हा आपल्यासमोर येतं आणि त्या भाकरीत तो स्वतः असतो. हे घरी एकट्याने होण्यासारखं नाही. वार रविवारचाच, कारण येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी कबरेतून उठला. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, पवित्र पाळण्याची आज्ञा आम्ही ‘प्रभूचा वार’ म्हणून या दिवशी पाळतो.

नियम चर्चच्या 1983च्या कायदेसंहितेत आहे, कलम 1247. शनिवारी संध्याकाळची मिस्सा घेतली तरी तो पाळला जातो. आजारी माणूस, तान्ह्या बाळाची आई, रुग्णाची शुश्रूषा करणारा, ज्याला कामावरून हलताच येत नाही असा माणूस, यांना दोष लागत नाही. काही कारण नसताना, जाणूनबुजून टाळणं हे मात्र गंभीर पाप, आणि त्यासाठी पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापाची कबुली, करावं लागतं. एक गोष्ट बऱ्याच कॅथलिकांनाही माहीत नसते: बंधन हजर राहण्याचं आहे, दर रविवारी कम्युनियन, म्हणजे मिस्सातली ती भाकर, घेण्याचं नाही. त्यामुळे ज्याला काही कारणाने कम्युनियन घेता येत नाही, त्यानेही यायचंच असतं. त्याची जागा तिथेच आहे.

पण नियम होता म्हणून लोक जमायला लागले असं झालेलं नाही, आणि मला तुम्हाला सांगायचंय ते हेच. इ.स. 304मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशनच्या हुकमाने ख्रिस्ती लोकांना एकत्र जमायला बंदी होती. आजच्या ट्युनिशियातल्या अबितिना या गावी ऑक्टेव्हियस फेलिक्स नावाच्या गृहस्थाच्या घरी जमलेले लोक पकडले गेले. एकूण 49 जण. त्यांच्यातल्या एमेरितस नावाच्या एकाच्या घरीही असे लोक जमत. कार्थेज शहरात चौकशीत त्याला विचारलं, हुकूम मोडून यांना घरात का घेतलंस? त्याच्या उत्तराचा आशय असा होता की प्रभूच्या या भोजनाशिवाय आम्हाला जगता येत नाही. तेव्हा कायदा नेमका उलट होता. न जाणाऱ्याला काही झालं नसतं, आणि गेले त्यांनी प्राण दिले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आईशी घातलेला वाद आठवून मला खरोखर लाज वाटली.

त्याहून जुनं, सुमारे 155 सालचं, संत जस्टिन या ख्रिस्ती लेखकाचं वर्णन आहे. रविवारी शहरातले आणि खेड्यांतले लोक एका जागी जमत, वाचन आणि प्रवचन होई, भाकर आणि द्राक्षारस अर्पण होई, अनाथ, विधवा आणि कैद्यांसाठी दान गोळा होई. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे चर्चचे सेवक, तो प्रसाद घेऊन जात. म्हणजे कोण आलं नाही याची दखल तेव्हापासून आहे.

हे मी घरात पाहिलंय. आई पक्षाघाताने अंथरुणाला खिळली, तेव्हा रविवारच्या मिस्सानंतर चर्चमधून एक गृहस्थ खिशात छोटी गोल धातूची डबी घेऊन यायचे. डबीत मिस्सामधलं ख्रिस्तशरीर असायचं. मी उशाशी मेणबत्ती लावायचो, मग ते एक प्रार्थना म्हणायचे आणि आईच्या जिभेवर ते अलगद ठेवायचे. सगळं पाच-सात मिनिटांत व्हायचं. ते निघाले की आई अडखळत विचारायची, आज कोण कोण आलं होतं? ते थांबून एकेक नाव सांगायचे.

नियमाप्रमाणे तिला पूर्ण मोकळीक होती. तरी रविवार उजाडला की ती आधी धुतलेली साडी मागायची, मग मला केस विंचरून द्यायला सांगायची आणि दाराकडे तोंड करून बसायची.