दर तासाला खुर्चीतून उठायचं ठरवूनही ऑफिसमध्ये ते का टिकत नाही?

तुम्ही लिहिलंय की मोबाइलवर दर तासाचा गजर लावला, आठवडाभर उठलात, आणि मग गजर वाजला की हात आपोआप तो बंद करायला लागला. कृपा करून याला आळस म्हणू नका. मी पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात आहे, माझंही अगदी हेच झालं होतं.

मला अडवायची ती लोकांची नजर. जागेवर दिसतो तो कामाचा, उठलेला तो रिकामा, असा न बोललेला नियमच होता आमच्याकडे. साहेबांनी सहज विचारलेलं "कुठे होतात?" दिवसभर मनात घोळायचं. त्यात पाण्याची बाटली टेबलावर, चहा शिपाई आणून देणार, शेजारच्यालाही मेसेजच. उठायला निमित्तच उरत नाही. तिथे नुसता निश्चय किती दिवस पुरणार?

शिवाय बसून राहणं कुणी ठरवून करत नाही, ते नकळत होतं. आणि गजर वाजतो तो नेमका आकडे जुळवण्याच्या मध्यावर, मग त्याचाच राग येतो. म्हणून मी घड्याळ सोडलं आणि उठणं कामाला बांधलं. फोन आला की उभं राहून बोलायचं. एका ग्राहकाचं लेजर, म्हणजे हिशेबाचं खातं, जुळलं की पाणी प्यायला जायचं, बाटली मुद्दाम छोटी. 'अमुक झालं की तमुक करीन' असं आधीच ठरवून ठेवण्यावर पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलंय. आठवण ठेवायचा भार त्या प्रसंगावर जातो, आपल्यावर राहत नाही.

इंग्लंडमध्ये लेस्टरच्या सरकारी रुग्णालयांतल्या १४६ कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. त्यातल्या एका गटाला उंची बदलता येणारी टेबलं दिली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. आपण किती बसतो हे त्यांना मोजून दाखवलं, उद्दिष्टं ठरवायला लावली, अधूनमधून कुणीतरी विचारपूस करत राहिलं. वर्षभरानंतर या गटाचं बसणं दुसऱ्या गटापेक्षा कामाच्या दिवशी सुमारे ८३ मिनिटांनी कमी होतं. मला यातली विचारपूस फार मोलाची वाटते.

आमच्याकडे खरा फरक पडला तो नव्या मॅडम सकाळची मीटिंग उभ्यानं घ्यायला लागल्यावर. त्या स्वतः उठल्या आणि बाकीच्यांचा संकोच गेला. तुमच्या साहेबांशी एकदा मोकळेपणानं बोला. "फोन मी उभं राहून घेत जाईन, चालेल ना?" एवढं विचारलंत तरी पुरे.