चित्रकाराच्या शंका

प्रश्न : मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते. अलीकडे म्हातारपण आणि मृत्यू यांवरची विनोदी चित्रे हातून उतरू लागली आहेत. सोबत त्यांतले एक पाठवत आहे : बसस्थानकाच्या बाकावर ताटकळलेला यम आणि खांबाला बांधलेला त्याचा रेडा. यामुळे माझ्या बालचित्रांवर किटाळ येईल का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : आपले चित्र मी पुन्हा पुन्हा पाहिले. यमाच्या मांडीवर नीट घडी घातलेला पाश आहे, शेजारचे आजोबा त्याच्यापुढे पानाचा डबा धरत आहेत, आणि हे सारे आपण ससे-खारी रंगवताना वापरता त्याच गोल, मऊ रेषेत उतरले आहे; चित्राचे बळ तिथेच आहे, म्हणून ती रेषा कृपया बदलू नका. हसू आजोबांच्या थकव्याचे नाही, खोळंबलेल्या यमाचे होते, हे मला विशेष भावले.

किटाळाची भीती अनाठायी नाही. आपल्यासारख्याच सीमाभागात, फ्रान्स-जर्मनी सीमेवरच्या स्ट्रासबुर्ग येथे १९३१ साली जन्मलेले बालपुस्तकांचे चित्रकार टोमी उंगरर यांच्या प्रौढांसाठीच्या चित्रांवरून अमेरिकेत गदारोळ झाला आणि अनेक ग्रंथालयांतून त्यांची बालपुस्तके हटवली गेली; तरीही १९९८ साली बालसाहित्यातील चित्रकारासाठीचा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार त्यांनाच मिळाला. तेव्हा काढत राहा. मात्र ही चित्रे मोठ्यांसाठी आहेत, असे स्पष्ट छापा, आणि बेळगावात प्रदर्शन मांडलेत तर ती बालचित्रांपासून वेगळ्या दालनात लावा. आधी दिवाळी अंकांच्या संपादकांना पाठवून पाहा. त्यांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते.