तास भरले, तरी ती जाते

पत्र थोडक्यात असं आहे:

‘ताई, आमच्या मुलीला न्यू जर्सीतच सात वर्षांच्या बीएस-एमडीला (बॅचलर आणि डॉक्टरकीची पदवी एकत्र) प्रवेश मिळालाय. तीन वर्षं कॉलेज, मग चार वर्षं मेडिकल. एका मोठ्या नावाच्या विद्यापीठातही चार वर्षांच्या डिग्रीसाठी मिळालाय. १ मेपर्यंत कळवायचंय. हिचे बाबा म्हणतात, हा शॉर्टकट आहे, अठराव्या वर्षी स्वतःला बांधून घेऊ नये. त्यांना स्वतःला घरच्यांनी न विचारता इंजिनिअरिंगला घातलं होतं. मुलगी म्हणते, “तुम्ही दोघं ठरवा, मला भांडण नको.” नीट बोलावं म्हटलं तर ती घरात सापडत नाही. शनिवारी सकाळी नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहात, असते. अर्जासाठी लागणारे सेवेचे तास सप्टेंबरमध्येच भरले, तरी जाते. जॅकेटला तिथला वास येतो. तिला डॉक्टर व्हायचंय हे तरी नक्की कशावरून? आम्ही काय करावं? – एक आई, एडिसन’

मूळ पत्र चार पानी आहे. त्यात फीचे आकडे आहेत, दोन्ही कॉलेजांची क्रमवारी आहे, ओळखीतल्या तीन मुलांचे अनुभव आहेत. जॅकेटच्या वाट्याला एक ओळ आलीय, तीही तक्रारीची. मी तिथेच थांबले.

ती तिथे काय करते? पत्रात कुठेच नाही. तुम्ही तिला कधी विचारलंय का?

माझी आई शेवटचे आठ महिने पुण्यात एका शुश्रूषागृहात होती. तो वास मला माहीत आहे. फिनेल, टाल्कम पावडर, बदलायचं राहिलेलं अंथरूण, आणि या सगळ्यावर वरणाच्या फोडणीचा थर. घरी आल्या आल्या मी अंघोळीला पळायचे. बरेच नातेवाईक एकदा भेटून गेले आणि पुढे फोनवर चौकशी करत राहिले. तिथे एक विशीतली मुलगी होती. ती आईला खिमट भरवायची तेव्हा चमचा ओठांना टेकवून थांबायची. आई गिळेपर्यंत, गळ्याची ती हालचाल दिसेपर्यंत, दुसरा चमचा भरायची नाही. मी पोटची मुलगी, पण माझा दुसरा चमचा आधीच भरून तयार असायचा.

तुमच्या लेकीला त्या वासात कुणी पाठवत नाही. तास भरलेत, अर्ज गेलाय, प्रवेश हातात आहे. आता जाऊन तिला कागदावर काहीही मिळणार नाही. अठराव्या वर्षी शनिवारची झोप सोडून ती जाते, आणि तुम्ही मला विचारता की तिला डॉक्टर व्हायचंय हे नक्की कशावरून.

सात वर्षं की, चार वर्षांचं कॉलेज धरून, आठ हा हिशेब मला खरंच क्षुल्लक वाटतो. एमडीनंतर रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घ्यायचं तज्ज्ञाचं प्रशिक्षण, असते. इंटर्नल मेडिसिनला तीन वर्षं, सर्जरीला पाच, न्यूरोसर्जरीला सात. एवढ्या वाटेत एक वर्ष कुठे हरवलं ते कळणारही नाही. खरा फायदा वेगळा आहे. अमेरिकेत दर वर्षी पन्नास हजारांहून जास्त जण एमडीसाठी अर्ज करतात आणि सुमारे २३ हजारांना जागा मिळते. त्या रांगेत उभं राहण्याच्या भीतीने मुलं कॉलेजची सगळी वर्षं अर्जाला शोभतील अशाच गोष्टी करत बसतात. तुमच्या मुलीला अर्जाची गरज उरली नाही तेव्हाही ती करायचं ते करत राहिली. तिची जागा राखीव असेल, तर ती पुढची तीन वर्षंही तशीच जगेल.

शॉर्टकट हा शब्द बाबांनी मागे घ्यावा. पेन स्टेट विद्यापीठ आणि जेफरसन मेडिकल कॉलेज यांचा असा जोडकार्यक्रम १९६३पासून आहे, कॅन्सस सिटीतला सहा वर्षांचा १९७१पासून. तुमच्या मुलीच्या सात वर्षांत मेडिकलची चार वर्षं गाळत नाहीत, कॉलेजचं एक वर्ष आवळतात.

कागद मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. मेडिकलची जागा टिकवायला किती जीपीए (गुणांची सरासरी) लागतो, एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा माफ आहे की ठरावीक गुण आणावे लागतात, दुसऱ्या मेडिकल स्कूलला अर्ज केला तर राखीव जागा जाते का. शिवाय ३+४च्या बऱ्याच कार्यक्रमांत बॅचलर डिग्री मेडिकलचं पहिलं वर्ष पार पडल्यावरच हातात येते. म्हणजे तिसऱ्या वर्षाअखेर तिला नकोसं वाटलं, तर ती उठून जाऊ शकते, फक्त डिग्रीसाठी आणखी काही सेमिस्टर बसावं लागेल. कुणी तिला बांधून घालत नाही. पैशाचंही बघा. १ जुलै २०२६पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद होतंय आणि मेडिकलसारख्या शिक्षणाला सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार डॉलर, एकूण दोन लाख, एवढंच मिळेल. कॉलेजची एका वर्षाची फी वाचते आहे, ती मेडिकलसाठी बाजूला ठेवा.

आता बाबांबद्दल. मुलीवर दडपण नको म्हणणारा बाप, त्याची बाजू कुणालाही पटेल. मला नाही पटली. त्यांना न विचारता इंजिनिअरिंगला घातलं, ते दुःख खरं आहे आणि त्यांनी ते एकट्याने गिळलं असणार. पण ते भांडण त्यांच्या वडिलांशी होतं. ते आता लेकीच्या अर्जावर लढतायत, आणि लेकीने ते ओळखलंय. तिने ‘हो’ म्हटलं की बाबा हरतात, म्हणून ती ‘तुम्ही ठरवा’ म्हणते. तिच्या गप्प बसण्याला तुम्ही दोघं गोंधळ समजलात. ती तुम्हाला सांभाळून घेतेय हो! जसं शनिवारी तिथल्या म्हाताऱ्यांना घेते तसं. घरात तरी तिच्यावर ही पाळी आणू नका.

जागा घ्या.

पण त्याआधी एक करा. या शनिवारी तिला सोडायला बाबांनी जावं. पार्किंगमध्ये फोन बघत बसू नये. आत जावं, वहीत नाव लिहावं, ती ज्या खोलीत असेल तिथे कोपऱ्यातल्या खुर्चीवर अर्धा तास बसावं. मधे बोलू नये, फोटो काढू नये, नुसतं बघावं. परत येताना गाडीत त्यांनी स्वतःच्या तोंडाने तिला सांगावं, “तू हो म्हण, मला चालेल.” हे तुम्ही नाही, त्यांनीच सांगायचं. रविवारी तिघांनी लॅपटॉपसमोर बसावं आणि बटण तिने दाबावं.

आणि ती तिथे कुणापाशी बसते, काय करते, ते कळलं की मला दोन ओळी लिहा. मी वाट बघतेय.