बाईक येते म्हणून क्वाड येते असं नसतं (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : नमस्कार दादा, मी घोडबंदर रोडला राहतो, वय २८, बाईक दहा वर्षं चालवतोय. मुरबाडला आमची गावची साडेतीन एकर जमीन आहे, तिथे चालवायला सेकंडहँड स्पोर्ट क्वाड (बाईकसारखं हँडल आणि सीट असलेली, कच्च्या रस्त्यावरची चार चाकी गाडी) घ्यायचीय. दोन बघून ठेवल्यात, एक यामाहा रॅप्टर ७०० आणि दुसरी सुझुकी झेड ४००, २००७ची. रॅप्टर दिसायला एकदम कडक आहे आणि किमतीत फरक पण फार नाहीये. मित्र म्हणतात घ्यायची तर एकदाच मोठी घे. क्वाड म्हणाल तर कर्जतला रिसॉर्टवर दोन राउंड मारलेत तेवढंच. काय करू?

उत्तर : झेड ४०० घ्या. मित्रांना सांगा की मोठी दोन वर्षांनी घेऊ, आणि तोपर्यंत रॅप्टरकडे बघायला पण जाऊ नका कारण एकदा बसलात की मन फिरेल.

आता का ते सांगतो. तुमचा बाईकचा अनुभव क्लच-गिअरला कामाला येईल, पण बाकीच्या सवयी इथे नडतात. बाईक वळताना झुकते, क्वाड झुकत नाही, आपल्यालाच सीटवरून सरकून अंग वळणाच्या आतल्या बाजूला टाकावं लागतं, नाहीतर आतली चाकं जमिनीवरून उठायला लागतात. त्यात स्पोर्ट क्वाडचा मागचा अ‍ॅक्सल म्हणजे एकच सरळ दांडा, डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नाही, त्यामुळे हळू स्पीडला ती वळायलाच बघत नाही, सरळ जाऊ म्हणते. आणि थ्रॉटल मनगटाने नाही, अंगठ्याने दाबायचा. खड्ड्यात गाडी आदळली की नवशिक्याची मूठ आवळते आणि अंगठा आपोआप दाबला जातो. हे ३९८ सीसीवर झालं तर गाडी एक उडी मारते आणि तुम्ही सावरता, पण रॅप्टरच्या ६८६ सीसीच्या सिंगल सिलिंडरवर झालं तर पुढची चाकं वर, आणि मग सावरायला वेळ मिळतोच असं नाही. यामाहाची वायएफझी ४५०आर किंवा होंडाची टीआरएक्स ४५०आर कोणी स्वस्तात दाखवली तरी नको, त्या रेससाठी बनवलेल्या गाड्या आहेत, पॉवर एकदम येते आणि मेंटेनन्सही सारखा मागतात.

अजून एक, आणि हे मी हात जोडून सांगतो. गाडी कलंडतेय असं वाटलं की बाईकवाला पाय खाली टाकतो. क्वाडवर पाय फूटरेस्टवरच ठेवायचा. माझ्या एका मित्राने बदलापूरजवळ अगदी हळू चालवताना पाय टाकला, मागच्या चाकाने टाच पकडली आणि पाय ओढून खाली घेतला, गाडी त्याच्या पोटरीवर चढली. सहा आठवडे प्लास्टर. म्हणून गाडीला नर्फ बार, म्हणजे फूटरेस्ट आणि मागच्या चाकामधली ती जाळी, नसेल तर आधी ती बसवा मग चालवा. घोट्याच्या वर येणारे बूट, हेल्मेट, गॉगल हे सगळं बजेटमध्ये आत्ताच धरा.

बघायला जाल तेव्हा मालकाला आदल्या दिवशी सांगा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. गेल्या गेल्या इंजिनला हात लावा. गरम लागलं तर चहा पिऊन या, पूर्ण गार होऊ द्या, मगच स्टार्ट करायला सांगा, कारण खरा आजार थंड इंजिनवरच कळतो. निळा धूर येत राहिला तर इंजिन ऑइल खातंय. मग एअर फिल्टर काढा आणि फिल्टरच्या मागच्या रबरी नळीत बोट फिरवा. बोटाला बारीक माती लागली तर ती माती इंजिनात गेलेलीच आहे, तिथूनच परत फिरा, किंमत कितीही पाडून दिली तरी.

नंतर पुढचा भाग जॅकवर उचलून एकेक चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. खडखड आली तर बॉल जॉइंट, टाय रॉड एंड नाहीतर बेअरिंग गेलंय. मागची बाजू उचलून चाक फिरवा, अ‍ॅक्सल वाकलेला असेल तर चाक डुलताना डोळ्याला दिसतं. फ्रेमला जिथे पुढचे ए-आर्म (चाकाला फ्रेमशी जोडणारे त्रिकोणी दांडे) जोडलेत तिथे टॉर्च मारून क्रॅक किंवा नवीन वेल्डिंग शोधा, जंप मारलेल्या गाड्या तिथेच तुटतात.

आणि अलिबाग-नागावकडून आलेली गाडी असेल तर जास्तच सावध. माझी पहिली क्वाड बीचवर भाड्याने फिरवलेली होती, वरून प्लास्टिक एकदम चकाचक, आणि सीटखालच्या फ्रेमच्या पाइपला मी सहज स्क्रू ड्रायव्हर टोचला तर तो आरपार आत गेला! तोपर्यंत पैसे देऊन झाले होते. खाऱ्या पाण्याने पाइप आतून खाल्ला होता आणि स्विंगआर्मचा (मागची चाकं फ्रेमला जोडणाऱ्या दांड्याचा) बोल्ट तर गॅसने कापूनच काढावा लागला.

तुमची २००७ची आहे म्हणजे कार्ब्युरेटरवाली, झेड ४००ला फ्युएल इंजेक्शन २००९पासून आलं. मी म्हणेन हे चांगलंच, मुरबाडचा कुठलाही बरा मेस्त्री ती खोलू शकतो. इंजिन सुझुकीच्याच डीआर-झेड ४०० बाईकवरून आलंय आणि कावासाकीची केएफएक्स ४०० म्हणजे तीच गाडी दुसऱ्या रंगात, त्यामुळे बाहेरून पार्ट मागवताना शोधायला सोपं जातं. तरी किमतीचा चौथा हिस्सा रिपेअरला बाजूला ठेवा. कागद बघताना मूळ बिल आणि गाडी बाहेरून आलेली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री मागा, फ्रेम नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचून जुळवा. "कागद नंतर देतो" म्हणाला की विषय संपला.

प्रश्न : ताई-दादा, नेरुळहून लिहितेय. मुलगा १३ वर्षांचा आहे, ह्यांनी ४०० सीसीची क्वाड आणलीय, तो हट्ट करतोय. हळू चालवू दिली तर चालेल का?

उत्तर : नाही ताई. त्या गाडीवर कंपनीचाच स्टिकर असतो की १६ वर्षांखालच्यांनी चालवू नये, तो ह्यांना दाखवा. त्याच्यासाठी सुझुकी झेड ९० सारखी छोटी बघा, ती १२ वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आहे आणि तिच्या थ्रॉटलला एक स्क्रू असतो, तो आत फिरवला की गाडी एका मर्यादेपुढे पळतच नाही. मागे कोणाला बसवू देऊ नका, सीट लांब दिसली तरी ती एकट्यासाठीच असते.

प्रश्न : क्वाड ठाण्याहून येऊरपर्यंत रोडने नेली तर पकडतात का?

उत्तर : पकडायलाच पाहिजे. स्पोर्ट क्वाडला आरटीओचं रजिस्ट्रेशन होत नाही, नंबर नाही म्हणजे इन्शुरन्स पण नाही. आणि येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, तिथे क्वाडचं काय काम. पोलारिसने २०२०मध्ये स्पोर्ट्समन ५७० ट्रॅक्टर म्हणून पास करून आणली होती, पण ती वेगळी, शेतकामाची गाडी. तुमची छोटा हत्तीत चढवा, चारी बाजूंनी पट्ट्यांनी बांधा आणि स्वतःच्या नाहीतर परवानगी घेतलेल्या जागेत उतरवा. उतरवल्यावर टायरची हवा बघा. पंक्चरवाला सवयीने २५-३० पीएसआय भरून देतो आणि गाडी चेंडूसारखी उडते, हिला साधारण ४ ते ५ लागते आणि पंपावरच्या मीटरला ती नीट दिसत नाही. कमी प्रेशरचा छोटा गेज घेऊन टूलबॉक्समध्ये टाका.